मलेरियाची गोळी आणि नायट्रोजनचं कडं

१. एका तापाला दोन गोळ्या का?

रानशेत हे पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातलं गाव. डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात मलेरिया नवा नाही. पाऊस ओसरू लागला, खाचरांत आणि ओहोळांच्या डबक्यांत पाणी थबकून राहिलं, की थंडी वाजून ताप कुणाला आला याची चौकशी सुरू होते. आशाताई किंवा आरोग्यसेवक बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतात. मलेरिया निघाला आणि तो व्हायवॅक्स जातीचा असला, तर दोन प्रकारच्या गोळ्या मिळतात. क्लोरोक्विन तीन दिवस घ्यायची, प्रायमाक्विन चौदा दिवस. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. मग रुग्णाचे दोन प्रश्न ठरलेले: पहिली गोळी एवढी कडूजहर का, आणि ताप गेल्यावरही दुसरी कशासाठी गिळत बसायची?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देता येतं. झाडांना पळून जाता येत नाही. म्हणून त्यांतली बरीच झाडं किड्यांना आणि जनावरांना नकोशी वाटणारी नायट्रोजनयुक्त द्रव्यं बनवतात. तंबाखूतलं निकोटिन, कॉफीतलं कॅफीन, सिंकोनाच्या सालीतलं क्विनाइन ही सगळी त्याच जातीची. अशी द्रव्यं ओळखून ‘थुंक’ म्हणून सांगायला आपली जीभ तयार झालेली आहे, आणि क्लोरोक्विन हे क्विनाइनच्याच वळणावर माणसानं घडवलेलं द्रव्य आहे. (सगळं कडू नायट्रोजनमुळेच असतं असं मात्र नाही. कडुलिंबाच्या प्रमुख कडू द्रव्यांत नायट्रोजनचा एकही अणू नसतो.)

दुसऱ्या प्रश्नाला मोठं उत्तर लागतं. दोन्ही गोळ्यांच्या रेणूंत एकच कडं आहे, क्विनोलिन नावाचं. कडं तेच, पण त्याला जोडलेली फांदी वेगळ्या जागी आहे. मुख्यतः या फरकामुळे एक गोळी रक्तातल्या जंतूला मारते आणि दुसरी यकृतात दडलेल्या जंतूला. हे कसं होतं ते कळायला आधी कडं म्हणजे काय ते पाहू.

२. सहा रुपयांचा बचत गट

अणू एकमेकांना जोडले जातात ते त्यांच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांमुळे. कार्बनकडे असे चार इलेक्ट्रॉन असतात, नायट्रोजनकडे पाच. त्यांना रुपये म्हणू आणि कड्यातल्या अणूंना बचत गटाचे सभासद. गटाचा नियम एकच: सामाईक पेटीत बरोबर सहा रुपये जमले पाहिजेत.

आधी फक्त कार्बनचं कडं घेऊ. सहा कार्बन गोलाकार बसले आहेत. प्रत्येकाचे दोन रुपये डाव्या-उजव्या शेजाऱ्याशी हात धरण्यात गेले, एक हायड्रोजनला धरण्यात गेला, उरलेला एक पेटीत पडला. सहा सभासद, सहा रुपये. हे बेंझीन. पेटीतले पैसे कुणा एकाचे राहत नाहीत, ते सगळ्या कड्यावर सारखे पसरतात. त्यामुळे कडं सपाट होतं आणि फार टिकाऊ बनतं. अशा कड्याला रसायनशास्त्रात ॲरोमॅटिक म्हणतात.

आता एक कार्बन काढून त्याच्या जागी नायट्रोजन बसवू. त्याच्याकडे पाच रुपये. दोन शेजाऱ्यांसाठी आणि एक पेटीत, म्हणजे गटाचे सहा पूर्ण झाले. उरलेले दोन त्याच्या स्वतःच्या खिशात राहतात. या कड्याचं नाव पायरिडिन. खिशातली ही जोडी कड्याच्या बाहेरच्या अंगाला असते आणि ती कुणालाही देता येते. आम्लातून सुटा हायड्रोजन आयन आला, तर पायरिडिन त्याला या जोडीवर धरून ठेवतं. म्हणून पायरिडिन अल्कधर्मी.

दुसरी तऱ्हा पाच सभासदांच्या गटाची: चार कार्बन, एक नायट्रोजन. कार्बनांनी चार रुपये टाकले, दोन कमी पडले. नायट्रोजनचे दोन शेजाऱ्यांत आणि एक हायड्रोजनमध्ये अडकलेला. उरलेले दोन्ही पेटीत टाकल्याशिवाय गट उभाच राहत नाही, म्हणून तो टाकतो. हे पायरोल. गट पक्का झाला, पण नायट्रोजनचा खिसा रिकामा. त्यामुळे पायरोल जवळजवळ अल्कधर्मी नाहीच.

या प्रकरणातलं पुढचं सगळं एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे: नायट्रोजनची जोडी पेटीत आहे की खिशात? रेणूचं चित्र पाहिलं की हा एकच प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी, बाकीचं निम्मं आपोआप उलगडतं.

सवयीसाठी एक उदाहरण सोडवू. इमिडॅझोल हे पाच सभासदांचं कडं, पण त्यात नायट्रोजन दोन. तीन कार्बनांचे तीन रुपये. एक नायट्रोजन हायड्रोजनवाला, तो दोन टाकतो. झाले पाच. दुसरा नायट्रोजन एक टाकतो आणि दोन खिशात ठेवतो. म्हणजे एकाच कड्यात दोन्ही तऱ्हा. आपल्या शरीरातल्या कितीतरी प्रथिनांत हे कडं असतं आणि त्याच्या या दुहेरी स्वभावाचा शरीर पुरेपूर वापर करतं.

एक फसवं उदाहरणही पाहून ठेवावं. आंबेमोहर शिजताना जो वास सुटतो त्यातल्या मुख्य रेणूत नायट्रोजनचं पाच अणूंचं कडं आहे. पण त्यातल्या तीन कार्बनांनी आपले उरलेले दोन्ही रुपये हायड्रोजन धरण्यात घालवलेले, पेटीत टाकायला त्यांच्याकडे काही नाही. गट बनत नाही. वास घमघमतो, तरी हे कडं रसायनशास्त्राच्या अर्थानं ॲरोमॅटिक नाही. उलट भाजलेल्या शेंगदाण्याच्या खमंगपणात ज्यांचा मोठा वाटा आहे ती पायराझिनं दोन्ही अर्थांनी त्या पंगतीत बसतात. सहाचं कडं, समोरासमोर दोन नायट्रोजन, पेटीत सहा पूर्ण आणि दोघांचेही खिसे भरलेले.

३. डांबर, हाडांचं तेल आणि लिंगमळा

ही कडी माणसाला सापडली ती घाणीत. दगडी कोळशापासून वायू काढला की उरणारं डांबर आणि जनावरांची हाडं तापवून मिळणारं दुर्गंधी तेल, हे त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांचे खजिने होते. फ्रीडलीब रुंगे या जर्मन संशोधकानं १८३४ मध्ये डांबरातून क्विनोलिन वेगळं काढलं, त्याच सुमारास पायरोलही ओळखलं. स्कॉटलंडच्या टॉमस अँडरसननं १८४९ मध्ये हाडांच्या तेलातून पायरिडिन मिळवलं. मासळी कुजल्यासारखा त्याचा वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. स्पिरिट कुणी पिऊ नये म्हणून त्यात मिसळायच्या द्रव्यांत पायरिडिनची निवड झाली ती उगाच नव्हे.

क्विनोलिन म्हणजे बेंझीन आणि पायरिडिन एका बाजूनं एकमेकांना चिकटलेली. अशा जोडकड्यात पेटीत दहा रुपये लागतात, तेही चालतं. बेंझीनला पायरिडिनऐवजी पायरोल चिकटलं की इंडोल होतं. जव्हार-विक्रमगडकडच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या मोगऱ्याच्या वासात इंडोलचा अंश असतो. विष्ठेच्या दुर्गंधीतही तोच असतो. फरक प्रमाणाचा आणि सोबतच्या इतर द्रव्यांचा.

मलेरियाशी या कड्यांचं नातं जुळलं ते उलट्या वाटेनं. सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन हे शुद्ध औषध पेलेत्ये आणि काव्हाँतू या फ्रेंच जोडीनं १८२० मध्येच काढलं होतं. त्याच्या पोटात काय दडलंय ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. १८४२ मध्ये शार्ल जेरार्दनं क्विनाइन अल्कलीबरोबर तापवलं तेव्हा त्यातून क्विनोलिन बाहेर पडलं. झाडाच्या सालीतलं आणि डांबरातलं कडं एकच निघालं.

१८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किननं अणूंची बेरीज-वजाबाकी जुळवून क्विनाइन बनवायचा घाट घातला. बेरीज बरोबर होती, पण कोणता अणू कुठं बसतो हे त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं. हाती आला तांबूस गाळ. तोच प्रयोग ॲनिलिनवर करून पाहताना जांभळा रंग निघाला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग जन्माला आला. नुसती अणूंची मोजदाद म्हणजे रेणू नव्हे, हे याहून चांगलं शिकवणारी फजिती मला माहीत नाही.

इकडे इंग्रज सरकारनं सिंकोनाची लागवड सुरू केली. निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे ती रुजली. महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही १८६०च्या दशकात बाग लावली होती, ती मात्र जगली नाही आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. पुढे क्विनाइनच्या पुड्या पोस्टातून पैशाला एक अशा विकल्या जाऊ लागल्या. क्लोरोक्विन आलं १९३४ मध्ये, जर्मनीत बायरच्या हान्स आंडरझागच्या प्रयोगशाळेतून. सुरुवातीला ते फार विषारी वाटून बाजूला पडलं. १९४२ मध्ये जपाननं जावा घेतलं, तिथल्या क्विनाइनचा पुरवठा तुटला, आणि मग अडगळीतल्या रेणूंची फेरतपासणी झाली.

४. रक्तातलं कडं

क्लोरोक्विनचा मारा कुठं बसतो ते पाहायला रक्तात उतरावं लागेल. हिमोग्लोबिनमध्ये हीम नावाची चकती असते. चार पायरोलजातीची कडी कार्बनच्या दुव्यांनी गोलाकार जोडलेली, चौघांचे नायट्रोजन आत तोंड करून, आणि मधोमध लोहाचा अणू.

इथं जागरूक वाचकाला शंका यायला हवी. पायरोलच्या नायट्रोजनचा खिसा तर रिकामा, मग तो लोह कशाच्या जोरावर धरतो? लोह यायच्या आधी या चकतीतल्या चार नायट्रोजनांपैकी दोन पायरोलसारखे असतात, दोन पायरिडिनसारखे. पायरिडिनसारख्यांचे खिसे भरलेलेच असतात. उरलेल्या दोघांचे हायड्रोजन लोह येताना निघून जातात आणि जाताना बंधातले दोन्ही रुपये मागे ठेवतात. आता चौघांकडेही द्यायला जोडी आहे, आणि चौघं मिळून लोह पकडतात. मधे लोहाऐवजी मॅग्नेशियम बसवून, कड्यात थोडा फेरफार करून वनस्पती हरितद्रव्य बनवतात. घोलवडच्या चिकूचं पान त्याच नमुन्यावर हिरवं आहे.

मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत शिरला की हिमोग्लोबिनचा फडशा पाडतो. प्रथिनाचा भाग त्याला पचतो, पण सुटी झालेली हीम त्याच्याच जिवावर उठते. म्हणून तो हीमच्या चकत्या रचून त्यांचे निरुपद्रवी, काळपट तपकिरी स्फटिक करतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे कण सहज दिसतात. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटाच्या भिंतीत जंतू ओळखू आले ते या काळ्या कणांच्या खुणेवरून.

५. क्लोरोक्विन कोंडलं जातं

जंतूच्या पोटातली हिमोग्लोबिन पचवायची पिशवी आंबट असते. आंबटपणा पीएच या मापावर मोजतात. पेशीतल्या द्रवाचा पीएच सुमारे ७.२, पिशवीतला सुमारे ५.२. या मापावर एक अंक उतरला की आंबटपणा दहापट होतो, म्हणजे दोन अंकांत शंभरपट.

क्लोरोक्विनमध्ये खिशात जोडी असलेले दोन नायट्रोजन आहेत, एक कड्यातला आणि एक लांब शेपटीच्या टोकाचा. दोन्ही खिसे मोकळे असताना रेणूवर विद्युतभार नसतो आणि तो पेशीच्या पापुद्र्यांतून आरपार जातो. पिशवीत शिरला की आम्लाचे हायड्रोजन आयन दोन्ही जोड्यांवर येऊन बसतात. भारित झालेल्या रेणूला पापुद्रा बाहेर सोडत नाही. एका खिशामुळे आत शंभरपट साठा होतो, दुसऱ्यामुळे आणखी शंभरपट. शंभर गुणिले शंभर, दहा हजार. हा कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात आकडा परिस्थितीनुसार हलतो, पण रक्तात अगदी थोडं असलेलं औषध जंतूच्या पोटात प्रचंड प्रमाणात का गोळा होतं ते यावरून कळतं.

आत कोंडलेलं सपाट क्विनोलिन हीमच्या सपाट चकतीवर जाऊन बसतं. स्फटिक रचायचं काम थांबतं, सुटी हीम साचते आणि जंतू स्वतःच्याच उष्ट्यानं मरतो. एका नायट्रोजनी कड्यानं दुसऱ्या नायट्रोजनी कड्याची वाट अडवायची, एवढंच हे औषध.

६. चौथी जागा, आठवी जागा

क्विनोलिनच्या कड्यावरच्या जागांना क्रमांक दिलेले आहेत. नायट्रोजन पहिल्या जागी. त्याच कड्यात त्याच्या बरोबर समोर येते ती चौथी जागा. आठवी जागा जोडलेल्या दुसऱ्या कड्यावर, पण नायट्रोजनच्या लगत.

क्लोरोक्विनची शेपटी चौथ्या जागी एका नायट्रोजनमार्फत जोडलेली आहे. हा नायट्रोजन आपली जोडी सामाईक पेटीतून थेट समोरच्या नायट्रोजनकडे ढकलतो. त्यामुळे कड्यातला नायट्रोजन साध्या पायरिडिनपेक्षा कितीतरी जास्त अल्कधर्मी होतो, आणि वरचा शंभरपटीचा हिशेब त्याच्या बाबतीत खरा ठरतो. प्रायमाक्विनमध्ये तीच जोडणी आठव्या जागी आहे. तिथून पेटीमार्फत तसा रेटा पोचत नाही. कड्यातला नायट्रोजन लेचापेचा राहतो, औषध पिशवीत तसं साठत नाही, आणि रक्तातल्या जंतूवर प्रायमाक्विनचा जोर कमी पडतो.

पण आठव्या जागेचं वेगळंच सामर्थ्य आहे. यकृतात गेल्यावर प्रायमाक्विनचं रूपांतर अशा द्रव्यांत होतं, जी भोवतालच्या पेशीद्रव्यांचं ऑक्सिडीकरण घडवतात. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होऊन नवा ताप आणतात. त्यांची ही निद्रिस्त अवस्था १९८०च्या दशकात ओळखली गेली. क्लोरोक्विनला त्यांचा पत्ताही लागत नाही, प्रायमाक्विन त्यांना मारतं. मात्र ते अंगातून काही तासांतच निघून जातं, आणि झोपलेल्या जंतूवर एकूण किती औषध पडलं याला महत्त्व असतं. म्हणून चौदा दिवस. ताप गेला म्हणून पाचव्या दिवशी गोळ्या फळीवर ठेवल्या, तर पुढचा ताप डासाच्या नव्या चाव्याविनाही येऊ शकतो.

हेच सामर्थ्य काहींना बाधतं. जीसिक्सपीडी नावाचं एक विकर तांबड्या पेशींना अशा ऑक्सिडीकरणापासून वाचवतं. ज्यांच्यात ते जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विननं फुटू लागतात. पश्चिम भारतातल्या काही आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते, त्यामुळे आपल्या भागात हा धोका पुस्तकी समजू नये. गोळी चालू असताना लघवी चहासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून ताबडतोब आरोग्य केंद्र गाठायचं. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत.

७. फाल्सिपेरम आणि शेजारचं तारापूर

क्लोरोक्विनची सद्दी कायमची राहिली नाही. फाल्सिपेरम जातीच्या जंतूनं पिशवीच्या पापुद्र्यातल्या एका प्रथिनात बदल करून घेतला आणि आतलं औषध बाहेर ढकलायला सुरुवात केली. भारतात अशी पहिली नोंद १९७३ मध्ये आसामातून आली. २०१० च्या राष्ट्रीय धोरणानं देशभर फाल्सिपेरमसाठी आर्टिसुनेटसह जोडउपचार ठरवला. महाराष्ट्रात त्याच्या सोबतीला सल्फाडॉक्सिन आणि पायरिमेथामिन आलं. या दोन्ही सोबत्यांत पायरिमिडिन आहे, म्हणजे सहाच्या कड्यात दोन नायट्रोजन, मधे एक कार्बन सोडून. डीएनएच्या चार अक्षरांपैकी दोन याच कड्याची आहेत आणि उरलेली दोन पायरिमिडिनला इमिडॅझोल चिकटून झालेली. हे दोन सोबती जंतूला डीएनएचं एक अक्षर बनवायला लागणारी सामग्रीच मिळू देत नाहीत. गंमत अशी की यातला मुख्य वीर आर्टिसुनेट याच्यात नायट्रोजन औषधालाही सापडत नाही. नायट्रोजनच्या कड्यावाचून औषध होतच नाही, असा कुणाचा समज व्हायला नको म्हणून हे सांगितलं.

तरीही औषधांच्या दुकानात ही कडी पावलोपावली भेटतात. क्षयरोगाच्या आयसोनियाझिडमध्ये पायरिडिन. जुलाबावर आणि अमिबावर देतात त्या मेट्रोनिडॅझोलमध्ये इमिडॅझोल. हे मेट्रोनिडॅझोल फार लांबून येत नाही. बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत आरती ड्रग्ज ते बनवते. डहाणू तालुका मात्र २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला आणि तिथल्या कारखान्यांवर बंधनं आली.

कड्यांच्या टिकाऊपणाची दुसरी बाजू तारापूरला दिसते. पेटीत सहा रुपये जमलेला गट मोडणं कठीण असतं, मग तो पोटातल्या गोळीत असो की सांडपाण्यात. सूक्ष्मजीव ही कडी फोडतात, पण त्यासाठी त्यांना बहुधा आधी कड्याला ऑक्सिजन जोडून पेटीतली समान वाटणी बिघडवावी लागते. ते काम संथ चालतं, आणि सांडपाण्यात अशी द्रव्यं फार झाली तर ते जीवच दबून जातात. म्हणून रासायनिक कारखान्यांचं पाणी गावच्या मैलापाण्याच्या पद्धतीनं साफ होत नाही, त्याला वेगळी आणि महागडी प्रक्रिया लागते. तारापूरच्या सांडपाण्याचं प्रकरण अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं राष्ट्रीय हरित लवादापुढे नेलं. मांगेला म्हणजे या किनाऱ्यावरचा मच्छीमार समाज, आणि वसाहतीचं पाणी शेवटी ज्या खाड्यांत आणि समुद्रात उतरतं, तिथंच त्यांची जाळी पडतात.